धुऱ्याचा दगड आणि टाकरखेड्याची रेषा

वऱ्हाडातल्या वावराला धुरा असतो. साताऱ्याकडचा माणूस बांध म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं पाणी अडवणारा मातीचा उंचवटा असतो. दर्यापूर-अकोटच्या सपाट काळ्या रानात तसा उंचवटा क्वचितच दिसतो. दिसते ती दोन वावरांमधली न नांगरलेली पट्टी. तिच्यात गवत, बोरीची झुडपं, मधेच एखादं निंबाचं झाड आणि नशीब असलं तर गवतात दडलेला एक दगड. आपल्या गावाचा नकाशा आपणच काढू असं ठरवून निघालेल्यांना भेटणारी पहिली रेषा ही.

या रेषेवर विश्वास किती ठेवायचा? काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि मे महिन्यात तिच्या भेगांत अख्खा हात जातो. या फुगण्या-आकसण्यात धुऱ्यावरचा दगड कलतो, हळूहळू खाली जातो. उरलेलं काम नांगर करतो. दर साली एकेक तास पलीकडे सरकला की दोन हातांचा धुरा एका पावलावर येतो आणि मग प्रकरण तहसीलात जातं. तेव्हा दगड दिसला म्हणून हद्द सापडली, असं धरून चालत नाही. दगड ही नुसती खूण. हद्द असते कागदावरच्या मापात, आणि खूण त्या मापाशी जुळते का ते मोजून पाहावं लागतं. भूमी अभिलेख खात्यात या कामाला ‘हद्द कायम मोजणी’ म्हणतात. मोजणीचा प्रत्येक शब्द शेवटी एकाच प्रश्नाशी येतो: याला आधार काय? पुढची पानं वाचताना तो प्रश्न हाताशी ठेवा.

धुऱ्याचा आधार साधारण दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. पूर्वेला नागपूर प्रांतात त्यांनी मालगुजारी ठेवली. वऱ्हाडात मात्र मुंबई इलाख्याची रयतवारी पद्धत आणली. रयतवारीत सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायचा, म्हणजे प्रत्येक वावर वेगळं मोजणं आलं. १८६०च्या दशकापासून ते काम सुरू झालं आणि वावरांना सर्व्हे नंबर मिळाले. आज सातबाऱ्यावर कुठं सर्व्हे नंबर दिसतो, कुठं गट नंबर. गट हा पुढचा शब्द, १९४७च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतरचा. जुना नकाशा आणि नवा उतारा शेजारी ठेवताना हा फरक लक्षात घेतला नाही तर भलत्याच वावरात उभं राहायची पाळी येते.

ती मोजणी साखळीनं झाली. ३३ फुटांची साखळी, रुपयासारखे तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौकोन घेतला की १,०८९ चौरस फूट होतात, आणि तोच आपला गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, अर्थात एक एकर. इंग्लंडात एडमंड गुंटरनं सतराव्या शतकात ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी रूढ केली होती. तशा १० चौरस साखळ्यांचा एकर होतो. आपली साखळी बरोबर तिच्या निम्मी. गुंठा आभाळातून पडलेला नाही, तो साखळीच्या लांबीतून आलेला आहे, हे कळलं की एकर-गुंठ्यांचं पाठांतर करावं लागत नाही. सातबाऱ्यावर आता हेक्टर आणि आर असतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटरांहून किंचित जास्त. त्यामुळं बाजारात दोन्ही एकच समजतात. चार-पाच गुंठ्यांत त्यानं बिघडत नाही. शंभर एकरांच्या ई-क्लासचा हिशेब करताना मात्र बिघडतं, कारण ४,००० गुंठे म्हणजे सुमारे ४,०४७ आर. धरून चाललेला फरक ४७ आरांचा, म्हणजे एकराहून जास्त.

ई-क्लास हा शब्द पुण्याच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. अकोला, अमरावती, बुलडाण्यात तो पोरासोरांनाही माहीत आहे: गावच्या गुराढोरांसाठी राखलेली सरकारी पडीक जमीन. गावानं काढलेल्या नकाशात ती ठळक रंगात यायला हवी, कारण अतिक्रमण सगळ्यात आधी तिथंच होतं. तिच्यासोबत पांदणही यावी. पांदण म्हणजे बैलगाडीची जुनी वाट. दोन्हीकडच्या वावरांनी ती खाल्ली की मधल्या शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी तिफण न्यायला वाट उरत नाही. शीव म्हणजे गावाची हद्द आणि शिवार म्हणजे शिवेच्या आतला सगळा मुलूख. तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड शोधून काढाच. त्याच्यावर तीन गावांची नजर असते, त्यामुळं तो सरकण्याची शक्यता कमी. रिठाचं गाव, म्हणजे माणसं उठून गेलेलं, हेही दाखवावं; तिथं घर नसलं तरी कागदावर मौजा असतो आणि त्याची शीवही असते. टिपण म्हणजे मोजणीच्या वेळी जागेवर टिपलेल्या मापांचा कागद. फाळणी म्हणजे नंबराचे पोटहिस्से पाडताना झालेली मोजणी. पटवाऱ्याकडचा नकाशा हे फळ समजलं तर टिपण हे बी. वाद असला की नकाशावर पट्टी ठेवून भांडू नये, टिपण मागावं.

साखळी आज बहुतेकांकडे नाही, पण तिची युक्ती कुठंही चालते. वावराच्या आरपार एक सरळ रेषा धरा. ही आधाररेषा. तिच्यावर चालत जा, आणि धुरा जिथं वळतो तिथून रेषेवर काटकोनात येणारं अंतर मोजा. हे लंब. आधाररेषेवर किती पुढं आणि तिथून किती बाजूला, एवढे दोन आकडे मिळाले की वाकडातिकडा धुराही कागदावर उतरतो. काटकोन कसा धरायचा ते गवंड्याला विचारा. दोरीला सारख्या अंतरावर खुणा करून तीन, चार आणि पाच अशा बाजूंचा त्रिकोण ताणला की तीन आणि चारच्या मधला कोन काटकोन होतो. पावलांनी मोजणार असाल तर आधी फितीनं १०० मीटर आखून त्यावर चार वेळा चाला, आणि आपली किती पावलं पडतात ते लिहून ठेवा. नांगरलेल्या रानात हा आकडा बदलतो, तो वेगळा काढावा.

कागदावर आणताना प्रमाण लागतं. नकाशावर ‘१ इंच = ६६० फूट’ लिहिलं असेल तर ६६० गुणिले १२, म्हणजे १ : ७,९२०. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नेहमीच्या स्थलदर्शक नकाशाचं प्रमाण १ : ५०,०००, म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते: ५०,००० हा आकडा मोठा असूनही ते ‘लहान’ प्रमाण, कारण त्यात गाव लहान दिसतं. मी पहिल्यांदा एका गावाचा नकाशा केला तेव्हा कोपऱ्यात मोठ्या दिमाखात ‘१ सेंमी = ५० मीटर’ असं लिहिलं होतं. पुढं कुणीतरी त्याच्या झेरॉक्स थोड्या लहान करून काढल्या, आणि सभेत वाटलेल्या सगळ्या प्रतींवर ते वाक्य खोटं झालं. तेव्हापासून मी आकड्याऐवजी मोजपट्टीच काढतो. नकाशा आकसला की पट्टीही तेवढीच आकसते आणि माप खरं राहतं.

आतापर्यंत गाव मोजून झालं. पण ते गाव पृथ्वीवर नेमकं कुठं आहे? इथं वऱ्हाडाला मिरवण्याजोगा इतिहास आहे आणि तो आपण फारसा सांगत नाही.

१८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ एक रेषा मोजली आणि तिच्या आधारानं त्रिकोणामागून त्रिकोण जोडत भारत मोजायला घेतला. रीत साधी आहे. एक बाजू फार काळजीनं मोजायची. तिच्या दोन्ही टोकांवरून दूरची एखादी टेकडी पाहायची आणि दोन कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन मिळाले की बाकीच्या दोन बाजू गणितानं निघतात, जमिनीवर साखळी ओढावी लागत नाही. निघालेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. पण अशा मालिकेत चूकही पायरीपायरीनं वाढत जाते, म्हणून मधेमधे पुन्हा एखादी रेषा जमिनीवर मोजून गणित पडताळायचं. कन्याकुमारीकडून ७८ अंश रेखांशाच्या आसपासनं उत्तरेला गेलेल्या या मालिकेतली अशी एक पडताळणीची रेषा १८२०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या अचलपूरच्या परिसरात, टाकरखेड्याला मोजली गेली. इंग्रजांच्या कागदांत अचलपूर ‘इलिचपूर’ आहे आणि टाकरखेडा ‘तकलखेरा’. बिदरकडून आलेले त्रिकोण इथवर बरोबर आले का ते या रेषेनं ठरवलं, आणि पुढं गाविलगड-सातपुडा ओलांडून मालिका मध्य भारतातल्या सिरोंजकडे गेली.

लॅम्बटन ते पाहायला उरले नाहीत. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथंच आहे. काम त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी उचललं. पृथ्वीच्या आकाराचं जे माप एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये मांडलं, त्याच्या हिशेबात टाकरखेड्याचे आकडे आहेत. भारताचे नकाशे पुढं दीडशेहून अधिक वर्षं त्याच मापावर निघाले. ज्यांच्या नावाचं शिखर जगाला ठाऊक आहे त्यांचा एक पाय आपल्या ज्वारीच्या रानात होता, एवढं तरी अचलपूरच्या शाळेत सांगायला हरकत नाही.

आता अक्षांश-रेखांश. आपल्याकडे अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरांचा आणि रेखांशाचा सुमारे १०४ किलोमीटरांचा. त्यामुळं एक सेकंद म्हणजे अनुक्रमे ३१ आणि २९ मीटरांच्या जवळपास. फोन दशांशात आकडा देतो. दशांश चिन्हापुढचा चौथा अंक सुमारे ११ मीटरांचा आणि पाचवा जेमतेम सव्वा मीटरांच्या आतला. सातवा-आठवा अंक लिहून घेणारा माणूस शाई फुकट घालवतो, कारण त्याच्या फोनला तेवढं कळतच नाही.

७७ अंश पूर्व ही रेषा अकोला शहरातूनच जाते. सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मांडणीत एकेका अंशाचा एकेक गट असतो, त्यामुळं अकोल्याचा पश्चिमेकडचा मुलूख ५५ डी गटात आणि पूर्वेकडचा ५५ एच गटात पडतो. अमरावतीचीही तीच गत. अंशाचे पुन्हा १५ मिनिटांचे १६ तुकडे करतात, आणि ७७ अंश ४५ मिनिटांची रेषा अमरावती आणि बडनेरा यांच्या मधून जाते. बडनेरा एका पत्रकावर, अमरावती शेजारच्या. मेळघाट २१ अंशांच्या वर असल्यानं त्याचा बराचसा भाग ५५ जी गटात. नव्या मालिकेची क्रमांकपद्धत वेगळी आहे, पण जुनी पत्रकं अजून सगळीकडे वापरात आहेत, तेव्हा दोन्ही शहरांतल्या मंडळींनी शेजारचं पत्रक सोबतच मागवावं.

या जुन्या पत्रकांवरून आकडे उचलताना एक खड्डा आहे. ती एव्हरेस्टच्या मापावर काढलेली आहेत आणि फोनमधलं जीपीएस १९८४च्या जागतिक मापावर चालतं. पृथ्वीचा आकार किती आणि केंद्र कुठं धरलं यात फरक असल्यानं एकाच विहिरीचे दोन पत्ते निघतात, आणि आपल्या भागात ते एकमेकांपासून शंभर-दीडशे मीटर दूर पडतात. विहीर जागची हलत नाही, आधार बदलतो. म्हणून आकड्यांसोबत ते कोणत्या मापावरचे आहेत हेही लिहायचं.

फोनच्या जीपीएसनं धुरा मोजू नये, हे मला जरा जोर देऊन सांगायचं आहे. मोकळ्या रानातही साधा फोन तीन ते पाच मीटर चुकतो, झाडाखाली आणखी. २०० मीटर लांबीच्या धुऱ्यावर पाच मीटरची चूक म्हणजे १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पाव एकर. वऱ्हाडात यापेक्षा कमी जमिनीवरून डोकी फुटली आहेत. विहिरी, हातपंप, पांदणी, नाले, देवाचं झाड हे सगळं फोननं खुशाल टिपावं. मालकीची हद्द मात्र भूकरमापकावर सोडावी. त्याच्याकडचा रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र, स्थिर केंद्रांच्या जाळ्याशी ताडून सेंटिमीटरांत उत्तर देतो, आणि मुख्य म्हणजे त्याचा कागद कायद्यापुढं उभा राहतो. गावठाणातल्या घरांसाठी २०२० पासून केंद्राची स्वामित्व योजना आहे, तिच्यात ड्रोननं मोजणी होते.

आडव्या मापांइतकंच उभं मापही महत्त्वाचं, आणि सपाट मुलखात ते डोळ्यांना दिसत नाही. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मूर्तिजापूरला गाडीची वाट पाहताना ती वाचा. अशा कायम केलेल्या उंचीच्या खुणेला तलचिन्ह म्हणतात. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा. चिखलदऱ्याच्या उतारावर या रेषा एकमेकींना चिकटतात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात त्या किलोमीटर-किलोमीटर दूर पळतात. दोन नद्यांकडे पाणी वाटणारी उंच रेषा ती जलविभाजक. अमरावती जिल्ह्यात ती फार बोलकी आहे: पश्चिमेकडचं पाणी पेढी-पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला जातं, पूर्वेकडचं वर्धेतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला. पोहऱ्याच्या टेकड्यांवर पडलेल्या एका सरीचे असे दोन वाटे होतात.

ही भाषा गावकऱ्यांनी शिकल्याचं उदाहरण जवळच आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचं पहिलं वर्ष २०१६, आणि त्या वर्षी निवडलेल्या तीन तालुक्यांत आपलं वरूड होतं. संत्र्याच्या बागांसाठी बोअर खोल-खोल नेणारा हा तालुका. तिथं बायामाणसांनी पाण्याच्या पारदर्शक नळीनं आणि दोन पट्ट्यांनी समपातळी काढली. दोन्हीकडे पाणी सारख्या खुणेवर आलं की त्या दोन जागा एका उंचीवर. गवंडी पिढ्यान्‌पिढ्या तेच करतो. लाकडाच्या तिकाटण्याला मधोमध ओळंबा लावूनही हे जमतं. समतल चर असा आखून खणला तर पाणी सारखं पसरतं आणि जिरतं. डोळ्यांच्या अंदाजानं खणला तर ते एका टोकाला धावतं आणि तिथून चर फुटतो. चूक पहिल्याच पावसात उघडी पडत असल्यानं लोक हे शास्त्र लवकर शिकतात.

दुसरं उदाहरण अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरचं. २००६च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि उजाड टेकड्यांवरची सीताफळं पुढं बाजारात गेली. अशा दाव्यासाठी गावानं आपली पारंपरिक हद्द दाखवावी लागते. तिथं आधार कोणता चालतो ते पाहण्यासारखं आहे. नकाशे आणि सरकारी कागद चालतातच, पण दावेदार नसलेल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब, जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं हेही पुरावे म्हणून नियमांत धरलेले आहेत. ‘इथून तं नाही बापू, त्या मोहापासून आपली शीव लागते,’ असं कुणी आजोबा म्हणाले तर ते वाक्य मोजमाप आहे. ते लिहून घ्यायचं, मोहाच्या झाडाचे अक्षांश-रेखांश टिपायचे, आणि पलीकडच्या गावच्या म्हाताऱ्यालाही त्याच झाडाखाली उभं करून विचारायचं. दोघांचं जुळलं नाही तर नकाशावर तेवढी रेषा तुटक काढायची. तुटक रेषा काढायला लाज वाटू देऊ नका; मला तर एकही तुटक रेषा नसलेला गावनकाशा संशयास्पद वाटतो.

नकाशे करायला परवानगी लागते का, असं अजूनही विचारलं जातं. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नियम सैल केले. संवेदनशील ठिकाणांची बंधनं सोडली तर भारतीय नागरिकाला नकाशासाठी मोजणी करायला आता आधी परवानगी लागत नाही. कुणाच्या वावरात शिरताना मात्र मालकाला विचारावं, ते नियमात नसलं तरी.

नकाशा वेळेला बांधलेला असतो, हेही विसरू नये. मूर्तिजापूर ते अचलपूर ‘शकुंतला’ रेल्वेचा मार्ग नकाशांवर अजून काळ्या रेघेनं काढलेला असतो. गाडी केव्हाची बंद आहे आणि रुळांवर गवत आहे. रेघ खोटी नाही, तिच्यावर तारीख नाही एवढंच. तेव्हा तुमचा नकाशा पुरा झाला की उजव्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण आणि मोजपट्टी काढा, आणि खाली चार गोष्टी लिहा: कोणत्या तारखेला मोजलं, कशानं मोजलं, कुठल्या दगडापासून सुरुवात केली आणि सोबत कोण चाललं. वीस वर्षांनी तुमची चूक दुरुस्त करायला येणाऱ्याला त्याच दगडापासून निघायचं आहे.